पेट्रोल कुठे भरायचं?

कुठल्या कंपनीचं पेट्रोल ‘स्वच्छ’, यावर होस्टेलवर रोज वाद. मित्रांनो, साध्या पेट्रोलपुरता हा वाद जवळपास फुकटचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आहे. बोर्ड कोणताही असो, गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय सरकारी तेल कंपन्या एकमेकींच्या रिफायनरीतला माल उचलतात.

खरा फरक पंपावर पडतो. टाकीत पेट्रोल शिरतं तेव्हा आतली वाफ बाहेर ढकलली जाते. तिच्यात बेंझीन असतं, आणि बेंझीनने कॅन्सर होऊ शकतो. आपण दोन मिनिटं वास घेऊन निघतो. नळी धरणारा माणूस मात्र अख्खी ड्युटी तिथेच! काही पंपांवर व्हेपर रिकव्हरी सिस्टिम असते. म्हणजे नोझलच ती वाफ ओढून जमिनीखालच्या टाकीत परत पाठवतं. असा पंप वाटेवर असेल तर तोच निवडा. नसेल तर मॅनेजरना विचारा, “तुमच्याकडे का नाही?” पण त्यासाठी मुद्दाम लांब गाडी पळवू नका, एक लिटर जाळलं की दोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो.

आणि टाकी फुल करताना नोझल ‘टक्’ करून थांबलं की बस. “भाऊ, राऊंड फिगर करा ना” नको.