समुद्राच्या पोटातली नरसाळी

समुद्राचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात कणांची भुरभुर अखंड चालू असते: मेलेलं प्लवक, त्याची कवचं, विष्ठा, वाळवंटातून उडून आलेली धूळ, नद्यांचा गाळ. बरेच कण तरंगतच राहतात. काही एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाकडे निघतात. बाटलीभर पाणी गाळलं तर त्यात किती कण आहेत याचं त्या घडीपुरतं उत्तर मिळतं. वर्षाचा हिशेब हवा तर तिथे ठाण मांडूनच बसावं लागतं.

ते काम गाळ-सापळा करतो. एक मोठं नरसाळं, त्याखाली फिरत्या चकतीवर बाटल्या. ठरलेल्या दिवशी चकती फिरते, नवी बाटली तोंडाखाली येते. नमुना कुजू नये म्हणून बाटलीत आधीच जंतुनाशक द्रावण भरलेलं. खाली नांगर, वर तरंगते गोळे. जहाजावरून ध्वनिसंकेत दिला की नांगर सुटतो आणि सगळी माळ वर येते. निदान यावी अशी अपेक्षा असते!

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या साथीने १९८६ पासून अरबी समुद्रात असे सापळे लावले. त्यांतून दिसलं की खोल तळाकडची ही वृष्टीही मोसमी वाऱ्यांच्या तालावर चालते. नैर्ऋत्य वारे सुटले की समुद्र घुसळतो, खालची पोषकद्रव्यं वर येतात, प्लवक बहरतं आणि थोड्याच आठवड्यांत बाटल्या भरू लागतात. बंगालच्या उपसागरात मात्र नद्यांची माती त्या कणांना वजन देते.

बर्म्युडाजवळची अशीच नोंद १९७८ पासूनची आहे.