शाळा मध्येच सोडली, तर व्हिसाचे काय?

वसई-विरारहून परदेशात शिकवायला जाणाऱ्यांसाठी

- करार आणि व्हिसा : करार शाळेशी, व्हिसा सरकारचा. राजीनाम्याने करार संपतो. व्हिसा रद्द होण्याची प्रक्रिया वेगळी. शिक्षकावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा व्हिसाही शिक्षकाच्या व्हिसाशीच बांधलेला.
- संयुक्त अरब अमिराती : नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून. नोटीस ३० ते ९० दिवस. परिवीक्षाकाळ कमाल ६ महिने. त्या काळात मायदेशी परतायचे तर १४ दिवसांची नोटीस, तिथेच दुसरी नोकरी धरायची तर एक महिन्याची. नोटीस न देता देश सोडल्यास वर्षभर नवे वर्क परमिट नाही.
- कतार : नोकरी बदलताना ‘ना हरकत’ची अट २०२० मध्ये रद्द. नोटीस पहिल्या २ वर्षांत १ महिना, नंतर २ महिने.
- ब्रिटन : ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा. शाळेने १० कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला कळवायचे. त्यानंतर व्हिसाची मुदत सहसा ६० दिवसांवर येते.
- अमेरिका : ‘एच-१बी’ व्हिसावर नोकरी सुटल्यावर देशात राहण्याची कमाल ६० दिवसांची सवलत. ‘जे-१’वर ३० दिवस, तेही कार्यक्रम पूर्ण केल्यासच.
- तक्रार : भारतीय दूतावास किंवा परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल (२०१५ पासून).