वनांतील घर आणि उपग्रहाचें इंटरनेट

शहरांत राहणाऱ्यांस इंटरनेट ही नळाच्या पाण्याइतकी नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु गांवापासून दूर, दाट झाडींत वसलेल्या घराची स्थिति निराळी असते. एका घरासाठीं कोसभर खांब रोवून तार नेणें सहसा कोणास परवडत नाहीं, आणि मनोऱ्यावरून येणाऱ्या मोबाइलच्या लहरी डोंगर व वनराजि यांनीं अडविल्या जातात. अशा घरांतील विद्यार्थ्यानें दूरच्या शिक्षकांचा पाठ कसा ऐकावा, आजाऱ्यानें दूरच्या डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा? उपग्रहाचें इंटरनेट हें या प्रश्नाचें एक उत्तर आहे. पण झाडांच्या छायेंत तें सहजासहजीं लागू पडत नाहीं. असें कां होतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या ईशान्य टोंकाचें मेन हें राज्य घेऊं. तेथील शंभरांपैकीं सुमारें 90 भाग भूमि वनाखालीं आहे. तेथील एकाकी घरांस पूर्वीं भूस्थिर उपग्रहाचा आधार असे. हा उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्या गतीनेंच फिरतो, म्हणून आकाशांत एका जागीं स्थिर दिसतो. घरावरील तबकडी एकदां दक्षिणेकडे त्यावर रोखली, कीं काम झालें; झाडींत त्या दिशेस एक फट असली तरी पुरे. दोष अंतराचा. आपला प्रश्न वर जाऊन खालीं उतरावयाचा आणि उत्तरहि तसेंच यावयाचें. म्हणजे हें अंतर चार वेळां तोडावें लागतें. लहरी सेकंदास 3 लक्ष किलोमीटर धांवतात, तरी या प्रवासास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. लेख वाचणारास तो फारसा जाणवत नाहीं. संभाषण करणारास मात्र पदोपदीं अडखळवितो.

ऑक्टोबर 2020 मध्यें स्पेसएक्स कंपनीनें आपली स्टारलिंक सेवा उत्तर अमेरिकेंतील घरांस चांचणीसाठीं देऊं केली. त्या चांचणीचें नांवच ‘कांहींच नसण्यापेक्षां बरें’ अशा अर्थाचें होतें! हे उपग्रह सुमारें 550 किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यामुळें लहरींची चार वेळांची वाटचाल सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आंत होऊं शकते; भूमीवरील यंत्रांचा वेळ धरला, तरी बोलणाऱ्यास खोळंबा वाटत नाहीं.

परंतु जवळ आलेला हा दूत एका जागीं थांबत नाहीं. सुमारें 95 मिनिटांत तो पृथ्वीप्रदक्षिणा करतो, आणि एका घराच्या आकाशांतून कांहीं मिनिटांतच निघून जातो. तो जातांच तबकडीस दुसरा धरावा लागतो. त्यासाठीं ती मान वळवीत बसत नाहीं. तिच्या पोटांतील शेंकडों लहान अँटेना आपापल्या लहरींचा मेळ बदलून दृष्टि फिरवितात. म्हणून येथें एक फट पुरत नाहीं. मोकळ्या आकाशाचा विस्तृत तुकडा लागतो. मेनमध्यें तो मुख्यतः उत्तरेकडे लागतो. कारण यांतील पुष्कळ उपग्रह 53 अक्षांशापर्यंत जाऊन परत वळतात, आणि तेथें त्यांची दाटी होते.

या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पानांतील पाणी त्यांस शोषून घेतें, डहाळ्या त्यांस विखरून टाकतात, आणि पावसानें भिजलेलीं पानें तर अधिकच आड येतात. उपग्रह झाडामागें गेला, कीं कांहीं सेकंद संबंध तुटतो. चित्रपट पाहणारास तें कळतहि नाहीं, कारण पुढील भाग अगोदरच सांठविलेला असतो. पण वर्ग चालूं असेल, तर शिक्षकांचें वाक्य अर्ध्यावर तुटतें आणि नेमका महत्त्वाचा शब्द हरवतो. ऋतूंचाहि प्रभाव पडतो. मेपल व बर्च हिवाळ्यांत निष्पर्ण असतात, तेव्हां काम बरें चालतें. वसंतांत पालवी फुटली, कीं तीच वाट बुजते. स्प्रूस व फर हे सदाहरित वृक्ष तर बाराहि महिने पहारा देतात.

तर मग उपाय काय? प्रथम मोबाइलच्या कॅमेऱ्यानें आकाश तपासावें. त्यासाठीं सोय उपलब्ध आहे. नंतर हिशेब करावा. क्षितिजापासून 25 अंशांवरील आकाश मोकळें हवें असें धरल्यास, 20 मीटर उंचीचें झाड भूमीवरील तबकडीपासून सुमारें 43 मीटर दूर असावें लागतें. तीच तबकडी 8 मीटर उंच छपरावर बसविली, तर 26 मीटर अंतर पुरतें. त्रिकोणमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. छप्पर पुरेसें नसेल तर भक्कम खांब उभारावा, किंवा अंगणापलीकडील मोकळ्या जागेंत तबकडी ठेवून जमिनींतून तार घरांत आणावी. कुऱ्हाड ही अगदीं शेवटची गोष्ट. या उपग्रहांचें आयुष्य सुमारें 5 वर्षांचें योजिलेलें असतें. ज्या वृक्षावर ती चालवावयाची, त्यास वाढावयास अनेक दशकें लागलेलीं असतात.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाहीं. नोव्हेंबर 2025 मध्यें महाराष्ट्र शासनानें या सेवेसंबंधीं स्टारलिंकशीं इरादापत्र केलें, आणि त्यांत वनांनीं समृद्ध अशा गडचिरोली जिल्ह्याचाहि अंतर्भाव आहे. आपल्याकडील आंबा व फणस हिवाळ्यांत निष्पर्ण होत नाहींत, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा असतो. तेव्हां ज्या घरांत उद्यां ही तबकडी येईल, तेथील मुलांनीं आपल्या वडील मंडळींस एवढें अवश्य सांगावें, कीं आधीं आकाश मोजावें, मग जागा निवडावी, आणि ज्ञानाची वाट उघडण्यासाठीं वाडवडिलांनीं लावलेली सावली शक्य तोंवर तोडूं नये.