तायक्वांदो
कोरियातील निःशस्त्र युद्धकला व क्रीडाप्रकार. हे नाव १९५५ मध्ये सुचविले गेले. नवशिक्याचा पट्टा पांढरा असतो. दहाव्या ‘गुप’पासून पहिल्यापर्यंत उतरत्या क्रमाने परीक्षा होतात, काळ्या पट्ट्याच्या ‘दान’ श्रेणी मात्र चढत्या असतात. १५ वर्षांखालील मुलांना ‘दान’ऐवजी ‘पूम’ श्रेणी मिळते. महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांत समावेश असल्याने खो-खोसाठी ख्यात असलेल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातही हा खेळ परिचित आहे. मुलांना आकर्षण असते ते पट्ट्याच्या रंगाचे. परंतु स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा, कमरेखाली लाथ व प्रतिस्पर्ध्यास धरून ठेवणे निषिद्ध असल्याने केवळ स्पर्धेच्या सरावातून प्रत्यक्ष हल्ल्याची तयारी होत नाही. त्यासाठी ‘होसिनसुल’ हे निराळे अंग असून त्यात मनगट सोडविणे, गळ्याची पकड मोडणे इत्यादींचा सराव जोडीदाराबरोबर करतात.