रिकाम्या वेष्टनाचा भाव

खाद्यपेयांच्या वेष्टनाची किंमत छापील दरात धरलेली असते. मात्र ते रिकामे झाल्यावर उचलण्याचा, निवडण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च दीर्घकाळ महापालिकांच्याच माथी राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी तेथील डेपोवर कचरा टाकण्यास विरोध करून गाड्या रोखल्या, तेव्हा औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात रस्तोरस्ती ढीग साचले आणि हा खर्च उघड्यावर आला.

त्याच वर्षी २३ मार्चला राज्य शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यानुसार पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला, तर दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापणे, म्हणजे रिकामी पिशवी परत घेताना ग्राहकाला द्यायची रक्कम जाहीर करणे, बंधनकारक झाले. पुढे केंद्राने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वा’ची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यांचा अर्थ असा की, जितके प्लास्टिक वेष्टन बाजारात आणले, त्या प्रमाणात ते गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची, किंवा नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडून तशी प्रमाणपत्रे विकत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर व ब्रँडमालकावर येते.

हा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही, आणि त्याचे खरे मोजमाप भंगाराच्या दुकानात होते. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. या व्यवसायात काचेची जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा स्वस्त पडत असल्यामुळे ती भंगारवाल्यांमार्फत परत येते, धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते, त्यासाठी कोणा निरीक्षकाची गरज लागत नाही. पाण्याच्या पेट बाटलीलाही गिऱ्हाईक मिळते. याउलट वेफर्सच्या बहुस्तरीय पुडीत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने ती वेगळी करणे परवडत नाही, साहजिकच कचरावेचक ती उचलत नाहीत, आणि म्हणून तिच्याबाबतीत नियम पाळणे सर्वांत महाग ठरते. पाच-दहा रुपयांच्या पुडीचा दर वाढवणे अवघड असल्याने हा वाढीव खर्च बहुधा नफ्यातून तरी जातो, नाहीतर मालाच्या वजनातून. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, तेव्हा दहा रुपयांच्या फळपेयाच्या खोक्यांसाठी कागदी स्ट्रॉ शोधताना मोठ्या कंपन्यांचीही हीच ओढाताण झाली.

लहान उद्योगांना उत्तरदायित्वाच्या या तरतुदींतून बरीच सूट आहे, तथापि पार्सल देणाऱ्या खाणावळीला बंदी असलेल्या पिशवीबद्दलचा दंड चुकत नाही. मोठ्या कंपनीला प्रमाणपत्र विकत घेण्याची सोय आहे. खाणावळचालकाला तशी पळवाट नाही, हे या व्यवस्थेतील ठळक वैगुण्य होय.