मदरबोर्ड खरेच गेला आहे का?

बटण दाबले की आतला पंखा फिरतो, कॅबिनेटवरचा दिवाही लागतो. पडदा मात्र काळाच राहतो. टेबलावरचा संगणक असा रुसला की दुकानातून बहुधा एकच निदान ऐकू येते : ‘मदरबोर्ड गेला.’ ते खरे असेल तर खर्च मोठा असतो. जुन्या प्रोसेसरला जुळणारा नवा बोर्ड बाजारात सहसा मिळत नाही. मग बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते आणि दुरुस्तीचा हिशेब नव्या संगणकाच्या किमतीजवळ जातो. खरे तर मदरबोर्ड दोषी ठरवायला सर्वात सोपा आणि तपासायला सर्वात अवघड भाग. बाकीचे भाग निर्दोष ठरल्यावरच त्याच्यावर आरोप ठेवायला हवा.

बटण दाबल्यानंतर नेमके काय घडते हे माहीत असले की निम्मे काम होते. भिंतीवरचा स्विच चालू असतो तेव्हा संगणक ‘बंद’ असला तरी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची ती पेटी, बोर्डाला 5 व्होल्टचा बारीक पुरवठा करतच असते. कॅबिनेटचे बटण थेट वीज जोडत नाही, ते बोर्डाला फक्त खूण करते. बोर्ड एसएमपीएसला जागे करतो. मग 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे पुरवठे सुरू होतात आणि ते स्थिर झाले की ‘सारे ठीक’ असा संकेत परत येतो. तोवर प्रोसेसरला थोपवून धरलेले असते. संकेत मिळताच तो बायोसच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचतो आणि मग रॅम, ग्राफिक्स यांची हजेरी घेतली जाते. या हजेरीला ‘पोस्ट’ म्हणतात. हार्ड डिस्क आणि विंडोजची पाळी त्यानंतरची. म्हणजे पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसून गाडी पुढे अडत असेल, तर मदरबोर्डाने आपले काम बहुतेक केलेले असते. शोध डिस्कमध्ये घ्यायचा.

काहीच हालचाल नसेल तर आधी भिंतीवरचा सॉकेट, पॉवर केबल आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच पाहावा. साफसफाईत तो स्विच बंद झालेला असतो आणि संगणक मात्र दुकानापर्यंत जाऊन येतो. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एसएमपीएस थकला आहे. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायरही पाहावी; ती निघालेली असली तर पंखे फिरतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टला लावलेली असणे, हे काळ्या पडद्याचे आणखी एक कारण, आणि त्याचा इलाज फुकटचा.

पंखे फिरतात पण पडदा काळाच, हा सर्वात नेहमीचा प्रकार आणि त्यात पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमच्या पट्टीवरच्या टोकांना सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. सोने गंजत नाही, पण धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळून त्यावर कळकट थर बसवतात. नुसती पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली तरी घासल्यामुळे तो थर निघतो आणि संगणक सुरू होतो. आपल्याकडे कारागीर यासाठी खोडरबर वापरतात. युक्ती चालते, मात्र रबर मऊ पांढरा हवा, हात हलका हवा आणि चुरा बोर्डावर पडता कामा नये. शाईचा खरखरीत रबर मुलामाच खरवडून काढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे त्याहून चांगले. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, जागा बदलून पाहावे. एक सावधगिरी : डीडीआर5 रॅमचे नवे संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवतात. घाईने बटण बंद केले की ते काम पुन्हा पहिल्यापासून.

बोर्ड जिवंत आहे का, हे कळण्याची एक जुनी चाचणी आजही उपयोगी आहे. सगळी रॅम काढावी, बोर्डाला छोटा बझर जोडावा आणि बटण दाबावे. रॅम नसल्याची तक्रार करणारे बीप ऐकू आले, तर प्रोसेसर चालतो आहे आणि बायोसही वाचले जाते आहे. मग ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. बीप आले नाहीत तर बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि बझर जोडून पाहतात. कॅबिनेटमध्ये पडलेल्या एखाद्या स्क्रूमुळे शॉर्ट होत असेल तर तो इथे उघडा पडतो.

बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल 3 व्होल्टचा असतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि बँकेची संकेतस्थळे ‘असुरक्षित’ दिसू लागतात. काही बोर्ड तर सेटिंग बिघडल्याने सुरूच होत नाहीत. सेल स्वस्त आहे, पण काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. लहान मुलाने गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा भाजू शकते, आणि ‘संपलेल्या’ सेलमध्येही त्यापुरती वीज उरलेली असते. उलटी करवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका एसएमपीएसचा. 230 व्होल्टची घरगुती वीज आत गेल्यावर सुमारे 325 व्होल्टच्या डीसी दाबाने कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहते. त्यामुळे ती पेटी घरी उघडायची नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातल्या अर्थिंगची तपासणी आधी, संगणकाची नंतर.

बोर्ड खरोखर जातोही. विशीच्या-तिशीच्या वाचकांना आठवणार नाही, पण या शतकाच्या सुरुवातीला जगभरातले बोर्ड फुगलेल्या कपॅसिटरमुळे बंद पडत होते. डेल कंपनीने 2005 मध्ये आपल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांतल्या अशा दोषासाठी सुमारे 30 कोटी डॉलर बाजूला काढले होते. आजही जुन्या बोर्डावर डोक्याला फुगलेली, तपकिरी डाग पडलेली नळकांडी दिसली तर निदान पक्के समजावे. हे कपॅसिटर बदलता येतात आणि चांगला सोल्डरिंग करणारा ते काम करून देतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली असेल, किंवा वीज पडून बोर्ड जळाला असेल, तर मात्र खर्च मान्य करावा.

अशा वेळी लोकांना खरी धास्ती असते ती फोटोंची आणि हिशेबांची. बोर्ड गेला म्हणून डिस्कवरची माहिती जात नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून ती वाचता येते. अडचण एकच. विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर डिस्कच्या कुलपाची किल्ली बहुधा मदरबोर्डाशीच बांधलेली असते. बोर्ड बदलला की पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवायला हवा. संगणक चालू आहे तोवरच ती की शोधून कागदावर लिहून ठेवलेली बरी.