वाहनातील फेरफार आणि विमापत्रातील नोंद

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड व घनसावंगी तालुक्यांत खेळू लागले, तेव्हापासून तीर्थपुरीच्या परिसरात ऊस वाढला आणि उसाबरोबर वाहनेही वाढली. ट्रॅक्टर तर राहोच, पण पिकअप किंवा मोटार ज्याच्या दारात नाही असा बागायतदार आता शोधावा लागतो. वाहन घेताना आपले शेतकरी बंधू किंमत, तेलाचा खर्च व कर्जाचा हप्ता यांची पुष्कळ चौकशी करतात. विम्याचा कागद मात्र विक्रेता देईल तो घडी करून पेटीत ठेवतात. पुढे त्याच वाहनात गॅसची टाकी बसते, ट्रॉलीचे फाळके उंच होतात, पिकअपच्या पाट्यांत दोन पाटे वाढतात, पुढे लोखंडी गार्ड येते. हे बदल विमा कंपनीस कळवावयाचे असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. न कळविल्यास काय होते, व कळवावे कसे, हे सांगण्याचा आमचा विचार आहे.

विमा हा विश्वासाचा करार आहे. कंपनीचा मनुष्य दरवर्षी आपल्या गोठ्यापाशी येऊन वाहन तपासून जात नाही. आपण अर्जात जे लिहून देतो त्यावरच ती जोखीम पत्करते: वाहन कोणत्या बनावटीचे, इंजिन किती शक्तीचे, चालते कशावर, बैठका किती, वापर घरचा की भाड्याचा, आणि आजची किंमत काय. यांतील एखादी गोष्ट मागाहून बदलली व कागदावर आली नाही, तर विमापत्र एका वाहनाचे आणि दारातील वाहन दुसरे, अशी अवस्था होते.

महसुली कामाची ज्यांस सवय आहे त्यांस हे समजावयास कठीण नाही. जमीन खरेदी केली, ताबा घेतला, पीकही काढले. पण फेरफार नोंदविला नाही तर सातबारा जुन्याच माणसाचे नाव सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावा लागतो. वाहनाच्या बाबतीत मुदत याहून पुष्कळ तोकडी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून फेरफार झाला असेल, तर मालकाने तो चौदा दिवसांच्या आत कळवून नोंदणीपुस्तक हजर करावयाचे असते. जालना जिल्ह्यातील वाहनांच्या पाटीवर एम.एच. २१ असे असते, व त्यांचे दप्तर जालन्याच्या परिवहन कार्यालयात आहे.

तेव्हा वाहनाची दप्तरे दोन, हे पक्के लक्षात ठेवावे. एक परिवहन कार्यालयाचे आणि दुसरे विमा कंपनीचे. एकात नोंद झाली म्हणून दुसऱ्यात ती आपोआप होत नाही. क्रमही उलटा करून चालत नाही. आधी परिवहन कार्यालयाची परवानगी, मग काम, मग नोंदणीपुस्तकात नोंद, आणि त्या नोंदीची प्रत जोडून विमा कंपनीस पत्र. जो फेरफार कायद्यानेच मना आहे तो कंपनीस कळविल्याने कायदेशीर होत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात असा निर्णय दिला की, उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले, आणि मना असलेल्या प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडकाम करणे यांचा प्रकार निराळा. परंतु रंगाचीही नोंद नोंदणीपुस्तकात असते, म्हणून तोही कळवावा.

आता गॅसची गोष्ट. पेट्रोलवरील मोटारीस सी.एन.जी.चा संच बसविणे हा आपल्याकडील सर्वांत सामान्य, आणि न कळविल्यास सर्वांत घातक, असा फेरफार होय. संच मान्यताप्राप्त असावा लागतो. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यास आहे. टाकीची दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि नोंदणीपुस्तकात इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर गॅस असे लिहून यावे लागते. विम्याच्या बाजूने पाहता, २००२ मध्ये अमलात आलेल्या मोटार विम्याच्या दरपत्रकात संचाच्या किमतीवर शेकडा चार रुपये, आणि परक्यास होणाऱ्या इजेच्या जबाबदारीपोटी साठ रुपये, एवढा जादा आकार सांगितला होता. म्हणजे पन्नास हजारांचा संच असल्यास वर्षास दोन हजार साठ रुपये. पुढे १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांस मिळाली, म्हणून आजचा नेमका आकडा आपल्या कंपनीसच विचारावा. अंदाजास हा जुना दर पुरे आहे. एवढी रक्कम वाचविण्याकरिता जो मनुष्य संच लपवितो, त्याची गाडी पेटली म्हणजे कंपनीचा सर्वेक्षक प्रथम टाकीच पाहतो. जळालेल्या गाडीतून टाकी नाहीशी करता येत नाही. संचाचे पैसे तर मिळत नाहीतच, पण आग गॅसमुळे लागली असा संशय असल्यास सबंध मोटारीचा दावा अडकतो.

शोभेच्या व सोयीच्या वस्तूंचे तसे नाही. पडदा, स्पीकर, जादा दिवे, चामड्याची आच्छादने न कळविल्यास बहुधा त्या वस्तूंपुरतेच नुकसान होते. विम्यात मोटारीची जी किंमत धरतात ती उत्पादकाच्या विक्रीकिमतीवरून वयाप्रमाणे घट करून काढलेली असते: सहा महिन्यांपर्यंत शेकडा पाच, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस व पाचपर्यंत पन्नास. आठ लाखांची मोटार अडीच वर्षांची झाली असता तिची विम्याची किंमत पाच लाख साठ हजार होईल. तीत आपण मागाहून बसविलेल्या चाळीस हजारांच्या पडद्याचा व स्पीकरचा एक रुपयाही नाही. ते वेगळे दाखविले तर तेवढीच घट होऊन त्यांची अठ्ठावीस हजार किंमत धरली जाईल, आणि जुन्या दराने हप्ता सुमारे अकराशे वीस रुपयांनी वाढेल. हा खर्च करावा की न करावा, हा ज्याच्या त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. स्पीकरचा आवाज चार शिवारे ओलांडून गेला तरी विमा कंपनीच्या कानी पडत नाही. तिला कागदच लागतो.

पुढील लोखंडी गार्डाविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. रोही किंवा जनावर आडवे आले तर गाडी वाचते असे सांगतात. परंतु धडकेचा जोर ज्या संवेदकांनी ओळखून आतील हवेच्या पिशव्या फुगवावयाच्या, त्यांच्या कामात हे गार्ड व्यत्यय आणते, आणि समोरच्या पादचाऱ्यास ते अधिकच घातक होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांस या गार्डांविरुद्ध कारवाई करण्याविषयी लिहिले होते, ते याच कारणाने.

कळविल्याने नेहमी हप्ता वाढतोच असे नाही. अपंग व्यक्तीच्या वापराकरिता हाताने चालणारे ब्रेक वगैरे बसवून मोटार खास बदलली असेल, तर त्या बदलास कायद्यात मोकळीक आहे. वर सांगितलेल्या दरपत्रकात अशा वाहनास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट होती. मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्रासही शेकडा अडीच, कमाल पाचशे रुपये, सूट होती. ही सूट अनेकजण मागतच नाहीत.

परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न मोटारीचा नसून ट्रॅक्टरचा आहे. नियमांप्रमाणे शेतीचा ट्रॅक्टर हे शेतकामाकरिता व शेतीचा माल ट्रॉलीने वाहण्याकरिता बनविलेले खास वाहन होय. ट्रॉलीची नोंदणी निराळी व विम्यात तिचा उल्लेखही निराळा असावा लागतो. ऊस गाळपाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या रोज दिसतात, आणि पुष्कळ वेळा विमापत्रात ट्रॉली एकच असते, किंवा एकही नसते. हंगाम संपल्यावर तोच ट्रॅक्टर मुरूम, वाळू, विटा वाहतो. त्यास लोडर जोडला जातो. बैठक एकट्या चालकाची असता मडगार्डावर दोघे बसतात. ट्रॉली जोडणे, लोडर बसविणे व वापर बदलणे, हे तिन्ही कंपनीस कळविण्याजोगेच फेरफार आहेत.

याचे परिणाम कसे होतात हे २००७ मधील ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिज मोहन या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यावरून दिसते. विटभट्टीकडे माती नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरील एक मजूर जखमी झाला होता. विमा ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हता. वापर शेतीचा लिहिलेला होता, काम विटभट्टीचे चालले होते. कंपनी भरपाईस बांधील नाही असे न्यायालयाने ठरविले. तथापि मजुराची हलाखी पाहून कंपनीने रक्कम आधी त्यास द्यावी आणि मागाहून ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावी, असा हुकूम झाला. मजुरास न्याय मिळाला, तो योग्यच झाला. पण त्या रकमेचे ओझे अखेर मालकाच्या शिरावर गेले.

आणि ते तेथून कोठे जाते, हे महसूल खात्यात नोकरी केलेल्यास चांगले ठाऊक असते. अपघाताच्या निवाड्याची रक्कम ज्याने द्यावयाची त्याने न दिल्यास, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांस दाखला देऊ शकते, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. थकबाकीची वसुली म्हणजे मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, आणि शेवटी स्थावराची जप्ती व लिलाव. असे दाखले आमच्या टेबलावर आले म्हणजे त्यांवर वाहनाचा क्रमांक असे, पण वसुलीस उतारे गट क्रमांकाचे काढावे लागत. ज्या ट्रॉलीचा हप्ता वाचविला, तिच्यापायी वडिलार्जित जमिनीवर बोजा चढलेला पाहणे सुखाचे नसते.

तथापि न कळविलेला बदल आढळला की दावा समूळ बुडालाच, असेही समजू नये. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या बाबतीत विमापत्रातील अट मोडली गेली असता, दाव्याची शेकडा पंचाहत्तरपर्यंत रक्कम देऊन निकाल लावण्याची पद्धत आहे. खाजगी वापराची मोटार भाड्याने दिली होती अशा अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच पद्धतीचा आधार घेतला. २००८ मध्ये, नितीन खंडेलवाल यांच्या चोरीस गेलेल्या गाडीच्या प्रकरणात, वाहनाचा वापर कसा होता याचा चोरीशी संबंध नाही म्हणून कंपनीस सर्वस्वी नकार देता येणार नाही, असे ठरले होते. म्हणून कंपनीने दावा नाकारला असता बदलाचा व नुकसानीचा संबंध काय, हे लेखी विचारावे. समाधान न झाल्यास नकारापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आपल्या जिल्ह्याकरिता त्यांचे कार्यालय पुण्यास आहे. जालन्यास जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

कळवावयाचे ते लेखीच कळवावे. एजंटास बाजारच्या दिवशी चहा पिताना सांगितले, ते कंपनीस सांगितले असे होत नाही. पत्रास अलंकार नकोत. “माझे वाहन क्रमांक अमुक, विमापत्र क्रमांक अमुक. सदरहू वाहनास अमुक तारखेस अमुक बनावटीचा संच रुपये अमुक खर्चून बसविला आहे. परिवहन कार्यालयाच्या नोंदीची व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. जादा हप्ता कळवावा व विमापत्रात नोंद करून पुरवणी द्यावी,” एवढे पुरे. पत्राची पोच घ्यावी. ईमेलने पाठविल्यास प्रत जपून ठेवावी. पुरवणी हाती येईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये. वाहनावर बँकेचे कर्ज असेल तर बदलापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी.

जुने वाहन विकत घेणाऱ्याने विशेष जपावे. विमापत्र आपल्या नावे करून घेण्यास कायद्याने चौदा दिवसच दिलेले आहेत, आणि पूर्वीच्या मालकाने बसविलेला संच किंवा बदललेले इंजिन आता आपलेच झालेले असते. खरेदीच्या दिवशीच इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, इंधन आणि बैठका नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहाव्यात. दरवर्षी विमा नवा करताना मोबाइलवर मागील सालचीच माहिती पुन्हा भरलेली येते, व पुष्कळजण न वाचताच पैसे भरून मोकळे होतात. त्यात गॅसचा संच आहे काय, जादा जोडणी आहे काय, ट्रॉल्या किती, असे प्रश्न असतात. त्यांपुढे “नाही” हे उत्तर आधीच भरून आलेले असेल, तर पैसे भरण्यापूर्वी ते बदलावे.